रेशमाचा धागा आणि जखमेतला जंतू
#धागा #वैद्यकाचा_इतिहास

१/
इ.स. १८८१, बर्लिन. शाही आरोग्य कार्यालयाच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कॉख रेशमाच्या धाग्याचे लहान तुकडे काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, बीजाणूंनी माखून वाळवीत होता. हे तुकडे निरनिराळ्या जंतुनाशकांत ठरावीक वेळ बुडवायचे, काढून धुवायचे, पोषक जिलेटिनवर ठेवायचे आणि बीजाणू उगवतात की नाही ते पाहायचे, अशी त्याची पद्धत होती. परीक्षा जंतुनाशकांची होती. रेशीम हे केवळ बीजाणू वाहून नेण्याचे साधन.

निकालाने शस्त्रवैद्यांची झोप उडवली. ज्या कार्बोलिक आम्लावर युरोपातल्या शस्त्रक्रियागृहांची सारी भिस्त होती, ते बीजाणूंपुढे फिके पडले. तेलात मिसळल्यावर तर ते निरुपयोगीच ठरले. उलट पाऱ्याचे क्लोराइड, हजार भाग पाण्यात एक भाग इतके विरळ असूनही, काही मिनिटांत बीजाणूंचा निकाल लावते असे दिसले. पाहता पाहता पाऱ्याचे हे द्रावण दवाखान्यादवाखान्यांत पोहोचले.

२/
आठ वर्षांनी, १८८९ मध्ये, गेपर्ट नावाच्या जर्मन वैद्याने हाच प्रयोग एक पायरी वाढवून केला. पाऱ्यात बुडवलेले धागे त्याने अमोनियम सल्फाइडने धुतले. या रसायनाने धाग्याला चिकटलेला पारा निष्प्रभ होतो. आणि काय आश्चर्य, ‘मेलेले’ बीजाणू पुन्हा उगवले.

अर्थ स्पष्ट होता. पाऱ्याने बीजाणूंना मारलेच नव्हते. रेशमाच्या तंतूंनी पारा शोषून धरला होता, साध्या पाण्याने धुऊनही तो निघाला नव्हता, आणि जिलेटिनवर ठेवल्यावर तो थोडा थोडा सुटत बीजाणूंची वाढ रोखून धरत होता. पुढे १८९७ मध्ये क्रोनिग आणि पाउल यांनी अशा चाचण्यांतून रेशीम हद्दपार केले आणि त्याऐवजी गार्नेट खड्यांवर बीजाणू वाळवायला सुरुवात केली. खडा काही शोषत नाही.

३/
कॉखच्या हिशेबात रेशमाचा हा गुण म्हणजे प्रयोगातली खोट होती. औषध धरून ठेवायचे आणि ते थेंबाथेंबाने सोडायचे, हे काम त्या काळी कोणी रेशमाकडे मागितलेले नव्हते. आज जगभरातल्या प्रयोगशाळा नेमके तेच मागतात: रेशमाच्या प्रथिनापासून केसाच्या शेकडो पट बारीक तंतू ओढायचे, त्यांत प्रतिजैविक भरायचे, आणि जखमेवर ठेवल्यावर ते दिवसेंदिवस हळूहळू सुटत राहील अशी तजवीज करायची. या दोन टोकांमधला इतिहास बराच वळणावळणाचा आहे.

४/
जखमेशी रेशमाचा संबंध जुनाच. सुश्रुतसंहितेत व्रणबंधनाच्या, म्हणजे जखमेवरच्या पट्ट्यांच्या द्रव्यांची यादी आहे. तीत कापूस आणि लोकरीबरोबर कौशेय आणि चीनपट्ट ही रेशमी वस्त्रेही येतात. रोमन साम्राज्यातला वैद्य गेलन (इ.स. दुसरे शतक) रक्तवाहिनी बांधण्यासाठी न कुजणारा दोरा वापरावा असे सांगताना रेशमाचा उल्लेख करतो, आणि तो मिळवायचा कुठून हेही सांगून ठेवतो: मोठ्या शहरांतल्या श्रीमंत स्त्रियांकडे. पेर्गामोनमध्ये ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवलेल्या या माणसाला व्यवहाराचे भान पक्के होते.

५/
पण दोरा रेशमाचा असो वा तागाचा, जखम पिकायचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातली रीत अशी होती की, रक्तवाहिनी बांधल्यावर दोऱ्याची टोके कापायची नाहीत. ती जखमेबाहेर लोंबती ठेवायची. आत पू होणार हे गृहीतच होते. बांधलेला भाग कुजून सुटला की दोरा ओढून काढायचा. त्यासाठी रोज टोके हळूच ओढून पाहायची. कधी दोरा सुटे, तर कधी त्याबरोबर रक्तवाहिनीचे तोंडही सुटे आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोगी रक्तस्रावाने दगावे. मांडी छाटलेल्या माणसाच्या जखमेतून असे अनेक दोरे लोंबत असत.

दोष दोऱ्याचा, असेच सर्व मानत. शरीराला परकी वस्तू सोसत नाही, म्हणून पू होतो.

६/
ही समजूत मोडायला मदत झाली तीही रेशमाचीच. मात्र धाग्याची नव्हे, किड्याची.

इटलीतल्या लोदीजवळ आगोस्तीनो बास्सी नावाचा गृहस्थ रेशीमकिड्यांच्या एका रोगामागे पंचवीसएक वर्षे लागला होता. या रोगात किडा मरून ताठ होई आणि त्याच्यावर चुन्यासारखी पांढरी पूड धरे. १८३५ मध्ये बास्सीने दाखवले की ती पूड म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचे बीज, आणि तेच एका किड्यापासून दुसऱ्याकडे रोग नेते. प्राण्याच्या रोगामागे सूक्ष्मजीव असतो याचा हा पहिला पक्का पुरावा मानला जातो. त्या बुरशीला आजही त्याचे नाव आहे: ब्यूव्हेरिया बॅसियाना.

तीस वर्षांनी, जून १८६५ मध्ये, लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समधल्या आलेस गावी उतरला. तिथले रेशीम उद्योजक ‘पेब्रिन’ या दुसऱ्या रोगाने हवालदिल झाले होते. पाश्चरने तोवर रेशीमकिडा नीट हाताळलेलाही नव्हता. पुढची पाच वर्षे त्याने त्यात घालवली.

७/
त्याच १८६५ च्या ऑगस्ट महिन्यात, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा गाडीचे चाक पायावरून गेल्याने रुग्णालयात आला. हाड मोडून कातडीबाहेर आलेले. अशा जखमेत पाय कापणे हा तेव्हाचा शहाणपणाचा मार्ग. जोसेफ लिस्टरने मात्र जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. पाश्चरचे आंबण्यावरचे लेखन त्याने वाचले होते: दूध नासते ते हवेतल्या सूक्ष्मजीवांमुळे, तर मांसही त्यांच्यामुळेच का नासू नये? सहा आठवड्यांनी मुलगा बरा होऊन घरी गेला.

१८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लिस्टरने ही पद्धत जगापुढे मांडली. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्यानंतरचा, रेशमाचा भाग सहसा सांगितला जात नाही.

८/
लिस्टरला प्रश्न पडला तो असा. बंदुकीची गोळी शरीरात वर्षानुवर्षे निमूट पडून राहू शकते. मग रेशमाचा दोराच एवढा उपद्रव का देतो? त्याचे उत्तर होते की, दोष रेशमात नाही, रेशमाच्या पिळांमधल्या फटींत आहे. तिथे कुजवणारे जंतू दडून बसतात. ते आधीच मारले, तर दोरा कापून जखमेत खुशाल पुरून टाकता येईल.

डिसेंबर १८६७ मध्ये त्याने एका घोड्याच्या मानेतली मोठी धमनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या रेशमाने बांधली, दोऱ्याची टोके आखूड कापली आणि जखम बंद केली. ती न पिकता भरून आली. काही आठवड्यांनी घोडा दुसऱ्या कारणाने मेला, तेव्हा रेशीम आत जसेच्या तसे सापडले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८६८ मध्ये, एका स्त्रीच्या ओटीपोटातली मोठी धमनी त्याने तशाच दोऱ्याने बांधली. जखम विनातक्रार भरली.

सुमारे दहा महिन्यांनी ती स्त्री वारली. कारण वेगळेच होते, महाधमनीचा फुगा फुटला होता. लिस्टरने जुनी जागा उघडून पाहिली. रेशीम अंशतः झिजले होते आणि त्याच्याभोवती पुवासारख्या द्रवाचा अगदी छोटा साठा होता. रोग्याला त्याचा काही त्रास झालेला नव्हता. दुसरा कोणी असता तर यशाची ग्वाही देऊन पुढे गेला असता. लिस्टर अस्वस्थ झाला.

९/
औषधात भिजवलेले रेशीम शरीरात ठेवण्याचा हा बहुधा पहिला नोंदलेला, हेतुपूर्वक केलेला प्रयोग. आणि त्याच्या दोन्ही मर्यादा त्या एका शवविच्छेदनात दिसतात. पहिली अशी की, कार्बोलिक आम्ल धाग्यात टिकून राहत नाही, थोड्याच काळात ते झिरपून जाते. दोरा मात्र मागे उरतो, निःशस्त्र. दुसरी अशी की, रेशीम विरघळते, पण फार सावकाश.

लिस्टरने दुसरा प्रश्न हाती घेतला. १८६८ च्या शेवटच्या दिवशी, वडिलांच्या अप्टन येथील घरी, त्याने एका वासराची धमनी कॅटगटने, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तातीने, बांधली. महिन्याभराने पाहिले तर तातीची जागा जिवंत ऊतीने घेतली होती. शरीरात जिरणारा टाका शस्त्रक्रियेत रुळला तो इथून. पहिला प्रश्न, औषध धाग्यात टिकवायचे कसे हा, शंभर वर्षे तसाच राहिला.

१०/
तातीचे राज्य निर्वेध नव्हते. आतडे म्हणजे जंतूंचे माहेरघर. ते निर्जंतुक करणे महाकठीण. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे थिओडोर कोखरच्या जखमा तातीमुळे पिकू लागल्या, तेव्हा १८८८ मध्ये त्याने तात टाकून पुन्हा रेशीम जवळ केले. ते तो पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणात उकळून घेई. गेपर्टचा प्रयोग आठवला, तर कोखरला चांगला गुण का येत असावा याचा अंदाज बांधता येतो: त्याचे रेशीम नुसते निर्जंतुक नव्हते, पारा बाळगून होते. १९०९ मध्ये कोखरला नोबेल मिळाले, ते कंठग्रंथीवरच्या कामासाठी.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या विल्यम हॉल्स्टेडनेही तातीपेक्षा बारीक रेशीम बरे, असा आग्रह धरला आणि १९१३ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्याचा दंडक होता: धागा शक्य तितका बारीक, टाके सुटे सुटे, टोके आखूड. काळे विणीचे रेशीम अनेक देशांत शस्त्रवैद्याच्या हाताचा मळ बनले ते या परंपरेतून.

११/
मग आले १९५७ साल आणि लंडनमधल्या एलेक व कोनेन यांचा प्रयोग. आज कुठल्याही नीतिसमितीने तो मंजूर केला असता का, याची शंका आहे. प्रश्न साधा होता: निरोगी माणसाच्या कातडीत पू होण्यासाठी किती स्टॅफिलोकॉकस जंतू लागतात? स्वयंसेवक होते वैद्यकाचे विद्यार्थी.

नुसते जंतू टोचले तर पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागत. त्याहून कमी असले तर शरीर त्यांना परस्पर संपवी. पण तेच जंतू रेशमाच्या एका टाक्यावर असले, तर काही शेकडे पुरत. दहा हजार पटींचा फरक, केवळ एका टाक्याने!

लिस्टरचा फटींविषयीचा तर्क इथे आकड्यांत उतरला. विणलेल्या रेशमाच्या पिळांत जंतू शिरतात, पांढऱ्या पेशी तिथवर पोहोचत नाहीत. १९७८ मध्ये कॉस्टरटनने ‘बायोफिल्म’ ही कल्पना लोकप्रिय केली आणि चित्र पुरे झाले. जंतू पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. त्याआड बसलेल्या जंतूंवर रक्तातून आलेले प्रतिजैविक फारसे चालत नाही. म्हणजे गोळी-इंजेक्शनने सबंध शरीर औषधाने भरायचे आणि जिथे खरी गरज, तिथे ते अपुरे पडायचे.

१२/
औषध थेट जागेवर ठेवण्याचा विचार यातून बळावला. १९७० मध्ये हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्स आणि एंगेलब्रेख्ट यांनी कृत्रिम सांधा बसवण्याच्या ‘सिमेंट’मध्ये जेंटामायसिन मिसळले. पुढे त्याच पदार्थाचे मणी माळेसारखे ओवून हाडाच्या कुजलेल्या पोकळीत ठेवू लागले. उपाय गुणकारी होता. मात्र हे मणी जिरत नाहीत. काम झाल्यावर ते काढायला पुन्हा चिरफाड आली. शिवाय औषध संपल्यावर उरलेला मणी म्हणजे जंतूंना बसायला आयता पाट.

हवे होते असे काही, जे औषध धरील, सावकाश सोडील आणि शेवटी स्वतःही नाहीसे होईल.

१३/
आता थोडे मागे, एका निराळ्याच वाटेने.

१६०० साली विल्यम गिल्बर्टने चुंबकावरच्या ग्रंथात नोंदवले की, घासून विद्युत्भारित केलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला, की थेंब शंकूसारखा टोकदार होतो. तीनशे वर्षांनी, १९०२ मध्ये, अमेरिकेत जॉन कूलीने विजेच्या दाबाने द्रवापासून तंतू ओढण्याचे पेटंट घेतले. १९३४ मध्ये आंतोन फोर्महाल्सने त्यावर कृत्रिम धाग्याची यंत्रे रचली. बाजारात ती फारशी चालली नाहीत.

सोव्हिएत रशियात मात्र ही विद्या गुपचूप फोफावली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेत्र्यानोव-सोकोलोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूंच्या जाळीपासून विषारी धूर गाळणारे पडदे केले आणि ते सैनिकांच्या मुखवट्यांत बसले. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या ढिगाऱ्यात उतरलेल्या माणसांच्या तोंडावर ‘लेपेस्तोक’, म्हणजे पाकळी, नावाचा जो पांढरा मुखवटा दिसतो, तो याच जाळीचा.

१९६४ मध्ये केंब्रिजच्या जेफ्री टेलरने गिल्बर्टच्या त्या शंकूचे गणित मांडले, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकरने हे तंत्र पुन्हा उजेडात आणले. तेव्हापासून ‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

१४/
कृती ऐकायला सोपी आहे. इंजेक्शनच्या नळीत दाट द्रावण भरायचे. सुईला काही हजार व्होल्टांचा दाब द्यायचा, समोर वीतभर अंतरावर धातूचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकावरचा थेंब शंकू होतो, शंकूच्या अग्रातून बारीक धार सुटते, ती हवेत चाबकासारखी गरगरत ताणली जाते, वाटेतच सुकते, आणि पत्र्यावर सावरीच्या कापसाहून तलम अशी साय धरते. तंतूंची जाडी काही शे नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश. किड्याने काढलेला मूळ तंतू यापेक्षा कितीतरी पट जाड असतो.

तंतू बारीक झाला की त्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो. जखमेच्या दृष्टीने आणखी एक सोय होते: शरीरात पेशींभोवती कोलॅजेनची जी नैसर्गिक जाळी असते, तिच्याशी या सायीचे बरेच साम्य आहे. पेशी तिच्यावर चढतात आणि पसरतात.

१५/
पण रेशीम नळीत भरायचे कसे? रेशमाची ख्यातीच मुळी न विरघळण्याची.

कोषाच्या तंतूत दोन प्रथिने असतात. आत फायब्रॉइन, आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंक. कोष धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळला की सेरिसिन निघून जाते; रेशीम मऊ आणि चकचकीत होते ते या पायरीने. उरलेल्या फायब्रॉइनमध्ये ग्लायसिन, अ‍ॅलनिन आणि सेरिन ही लहान अमिनो आम्ले एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे साखळ्या घडीव पत्र्यांसारख्या एकावर एक गच्च बसतात. १९५५ मध्ये मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना दाखवली. तिला ‘बीटा-पत्र’ म्हणतात. पाणी या घड्यांत शिरू शकत नाही.

लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र, गरम द्रावणात मात्र घड्या उलगडतात. मग ते मीठ पडद्यातून गाळून काढले, की हाती येते फायब्रॉइनचे पिवळसर, पारदर्शक पाणी. किड्याच्या ग्रंथीत धागा होण्यापूर्वी जो रस असतो, त्याच्या जवळपास जाणारे. आलेसच्या शेतकऱ्याला हा उलटा प्रवास वेडेपणाचा वाटला असता: किड्याने श्रमाने विणलेले पुन्हा विरघळवायचे!

१६/
सुरुवातीच्या प्रयोगांत हे प्रथिन जहाल, विषारी सेंद्रिय द्रवात विरघळवून कातले जाई. जखमेवर ठेवायच्या वस्तूत अशा द्रवाचा अंशही नको. २००२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड कॅप्लन आणि एमआयटीतील ग्रेगरी रटलेज यांच्या गटांनी फायब्रॉइनच्या पाण्यात पॉलिइथिलीन ऑक्साइड हा निरुपद्रवी पदार्थ मिसळून, केवळ पाण्याच्या आधाराने, आठशे नॅनोमीटरपेक्षा बारीक तंतू काढले. पाण्याचे महत्त्व इथे फार आहे, कारण पाण्यात प्रतिजैविक किंवा नाजूक प्रथिन नासत नाही. ते सरळ त्याच नळीत मिसळता येते.

त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकी गटाने, कृत्रिम बहुवारिकाच्या तंतूंत, टेट्रासायक्लिन भरून ते दिवसेंदिवस सुटत राहते असे दाखवले. दोन धागे जुळायला आता वेळ लागणार नव्हता.

१७/
औषध हळू सुटते ते कशाने? ताजा कातलेला रेशमी नॅनोतंतू पाण्यात विरघळून जातो, कारण त्यातल्या साखळ्या अजून सैल असतात. त्याला मिथेनॉलचा हात लावला किंवा पाण्याच्या वाफेत ठेवला, की साखळ्या पुन्हा बीटा-पत्रांच्या घड्या घालतात. घड्या जितक्या जास्त, तितकी औषधाची वाट अरुंद आणि तंतूचे आयुष्य लांब. म्हणजे वाफ किती वेळ द्यायची, यावर औषध किती दिवस पुरणार हे ठरते. रेशमाइतक्या साध्या उपायाने अशी मुभा देणारे पदार्थ थोडे आहेत, आणि संशोधक त्याच्या मागे लागले ते मुख्यतः यासाठी. शेवटी शरीरातले विकर तंतू तोडतात, आणि जे उरते ती अमिनो आम्ले. सिमेंटच्या मण्यासारखे काढायला काही नसते.

१८/
अडचण पहिल्या काही तासांतच उभी राहते. बारीक तंतूचा पृष्ठभाग प्रचंड, आणि सुकताना पुष्कळसे औषध पृष्ठभागाकडेच येऊन बसते. जखमेचा ओलावा लागताच ते एकदम सुटते. पहिल्या दिवशी पूर, आठव्या दिवशी दुष्काळ.

पूर एकवेळ परवडेल. जंतू नुकतेच शिरलेले असतात, तेव्हा औषध भरपूर असलेले बरेच. खरा धोका दुष्काळाच्या शेपटीत आहे. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंगने सांगितलेला धोका हाच होता. त्याने एका काल्पनिक माणसाची गोष्ट रचली: त्याचा घसा दुखतो, तो थोडे पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, पण पेनिसिलिनला सरावतात, मग तेच सरावलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात, आणि तिच्यावर औषध चालत नाही. मंदगतीने औषध सोडणारा पदार्थ नीट आखला नाही, तर तो जखमेच्या तळाशी हीच गोष्ट रोज घडवील. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा ‘लॅन्सेट’मधल्या २०२२ च्या अभ्यासाचा अंदाज आहे.

म्हणून पुढचे बहुतेक काम या वक्ररेषेला आकार देण्यात गेले. दोन नळ्या एकात एक घालून गाभ्यात औषध आणि भोवती नुसते रेशीम असा दुपदरी तंतू कातणे. औषध आधी सूक्ष्म कणांत कोंडून मग ते कण तंतूत गुंतवणे. औषधाच्या थरावर कोऱ्या रेशमाचा थर चढवणे. उद्देश एकच: औषध पुरेसे आहे तोवर ते पुरेसेच असावे, आणि संपताना झटकन संपावे.

१९/
रेशमाचा आणखी एक गुण अनपेक्षितपणे हाती लागला. २०१२ मध्ये कॅप्लनच्या गटाने दाखवले की, रेशमाच्या पातळ पापुद्र्यात बंदिस्त केलेली प्रतिजैविके आणि लस साठ अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेतही सहा महिन्यांहून अधिक काळ टिकाव धरतात. पेनिसिलिन द्रवरूपात किती लवकर बिघडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे मोल कळेल. वैशाखात वीज गेलेल्या आरोग्यकेंद्रातल्या शीतकपाटाचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर इतरांनाही कळेल.

२०/
या कथेत भारताचा वाटा आहे आणि तो जंगलातला आहे. वरचे सगळे तुतीच्या रेशमाचे झाले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढवतात. त्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तिकडी सलग येते. शरीरातल्या पेशी आधाराला धरताना नेमकी हीच तिकडी ओळखतात. त्यामुळे जखम भरण्यासाठी टसर तुतीच्या रेशमाहून सरस ठरू शकेल, या आशेने खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षे काम केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही फायब्रॉइनवर संशोधन झाले आहे. टसर विरघळवणे मात्र तुतीच्या रेशमापेक्षाही जिकिरीचे. जंगलातला किडा हट्टी असतोच.

२१/
प्रयोगशाळेत उंदराच्या जखमा भरल्या, काचेच्या थाळीत जंतूंचे रान साफ झाले. तरी प्रतिजैविकाने भरलेली रेशमी नॅनोतंतूंची पट्टी अजून रुग्णालयांत नित्याची झालेली नाही. दरम्यान साधा मार्ग पुढे निघून गेला: ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेला जिरणारा कृत्रिम टाका अमेरिकेत २००२ मध्येच मंजूर झाला.

मागे पडण्याची कारणे रुक्ष आहेत, आणि म्हणूनच ती ध्यानात ठेवण्याजोगी. एका सुईतून तासाभरात निघणारी साय चिमूटभर. किडा, हंगाम आणि उकळण्याचा वेळ बदलला की फायब्रॉइनच्या साखळ्यांची लांबी बदलते, आणि लांबी बदलली की औषध सुटण्याचा वेगही. औषध आणि उपकरण एकत्र असलेल्या वस्तूला परवानगी मिळवताना दोन्हींची परीक्षा द्यावी लागते.

आणि निर्जंतुकीकरण. कोखर आपले रेशीम बिनदिक्कत उकळी. हे नॅनोतंतू उकळले तर आतले प्रतिजैविक निघून जाईल. वाफेच्या भट्टीत घातले तर घड्या वाढून औषध सुटण्याचा ठरवलेला वेग बिघडेल. गॅमा किरण दिले तर प्रथिनाच्या साखळ्या तुटतील. अल्कोहोलमध्ये बुडवले तर दोन्ही संकटे एकदम. सध्या पुष्कळ ठिकाणी खटपट चालली आहे ती याच एका पायरीवर.